सात नंबरसाठी स्थळ

सुलभा केंगले जंगलातल्या वधूवर सूचक केंद्रावर पोहोचली, तेव्हा सात नंबरचा शेकरू नेहमीसारखा ऐनाच्या फांदीवर येऊन बसला होता. गळ्यातलं यंत्र त्याची चिकचिक मराठीत बोलून दाखवायचं. आवाज मात्र निवृत्त बँक मॅनेजरचा भरला गेला होता.

"ताई, काही स्थळ?"

रस्त्यांनी जंगलाचे नऊ तुकडे केले होते. रस्ता ओलांडणं शेकरूला जमत नाही, म्हणून दुसऱ्या तुकड्यातली मादी शोधून आणायचं काम केंद्राकडे आलं. तीन वर्षांत बाकीच्या आठांपैकी सात तुकडे रिकामे निघाले. आठव्याचा अहवाल आज आला होता. तोही रिकामा.

"पत्रिका जुळत नाही," सुलभा म्हणाली. दर वेळी ती हेच सांगायची. नकार कळवायची तिला माहीत असलेली हीच एक सभ्य रीत होती.

"मंगळ असला तरी चालेल."

"मंगळ नाही हो."

"मग वय जास्त? शेपूट आखूड? चालेल. लिहून घ्या, अपेक्षा काहीच नाहीत. फक्त शेकरू असावी."

सुलभाने फाईल मिटली. "पत्रिका वगैरे काही नव्हतं. कुठल्याच तुकड्यात कोणी उरलेलं नाही. तुम्ही शेवटचे."

शेकरू फांदीच्या टोकापर्यंत पुढे आला.

"म्हणजे मला कोणी नाकारलं नव्हतं तर," शेकरू म्हणाला. "तीन वर्षं रोज सकाळी शेपूट विंचरून येत होतो, ताई. वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."