तेरावी फेरी

पद्मनाभनं दार उघडलं तेव्हा उमाकांत साठे दुसऱ्यांदा जिना उतरायच्या बेतात होते.

एकदा ते पार खाली जाऊन आले होते. वेस्ट मांबलमच्या त्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी खिशातला लखोटा चाचपला, स्वतःलाच दोन शब्द सुनावले आणि पुन्हा वर चढले. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

"या सार, आत या," पद्मनाभ म्हणाला.

ओळख सांगायची गरज पडली नाही. उमाकांत मूळचे साताऱ्याचे, मद्रासला रेल्वेच्या वेळापत्रक खात्यात. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, तिथे नऊ वर्षं हातात स्टॉपवॉच घेऊन फेऱ्या मोजायला तेच बसत. पुढची शर्यत पंधरा दिवसांवर आली होती आणि या खेपेला त्यांनी येत नाही म्हणून कळवलं होतं.

पद्मनाभ तंजावरकडचा, कारखान्यात फोरमन. त्याच्या जुन्या वळणाच्या मराठीला तमिळचा हेल होता. जुन्या फियाटचं इंजिन घालून त्यानं घरच्या घरी एक उघडी गाडी बांधली होती. तिचा नंबर चौदा.

त्याच्या बायकोनं, सरोजानं, कॉफी आणली. पद्मनाभनं पेला डाव्या हातानं उचलला. गेल्या वर्षी पोंगलला, म्हणजे तुमच्या संक्रांतीला, जिन्यावरून पडलो, उजवं मनगट अजून नीट वळत नाही, असं तो सहज बोलून गेला. उमाकांतांनी तोंडदेखली हळहळ दाखवली. त्यांचं लक्ष तिथे नव्हतंच. तोंडात जमवून आणलेली वाक्यं निसटायच्या आत त्यांना बोलून टाकायचं होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या फेब्रुवारीतली मोठी शर्यत वीस फेऱ्यांची होती. तेराव्या फेरीला एक गाडी घसरली आणि गवताच्या भाऱ्यांवर जाऊन आदळली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, त्यांचीही वळली, आणि नेमकी तेवढ्यात चौदा नंबरची गाडी समोरून निघून गेली. कागदावर ती फेरी चढलीच नाही. शेवटी विजयाचं निशाण पडलं ते नारायणस्वामींच्या गाडीवर. त्यांनी मंचावर चढून टोप-चष्मा काढला, हार घातले गेले, फोटो निघाले. चौदा नंबरची गाडी मात्र थांब्याकडे वळलीसुद्धा नाही. सरळ फाटकाबाहेर चिंचांच्या मागे गेली. पद्मनाभला राग आला असणार, एवढंच तेव्हा उमाकांतांच्या मनात आलं होतं.

महिन्याभरानं कागद आवरताना त्यांनी चौदा नंबरच्या वेळा ओळीनं पाहिल्या. एका फेरीला बाकीच्यांच्या बरोबर दुप्पट वेळ लागलेला. गाडी तर कुठे थांबली नव्हती.

"आगगाडीला दोन मिनिटं उशीर झाला तरी मी लोकांना जाब विचारतो," उमाकांत म्हणाले. "आणि तुमची अख्खी फेरी मी गिळली. पहिले तुम्ही होता, पद्मनाभ. तो चषक तुमचा."

त्यांनी लखोटा काढून समोरच्या स्टुलावर ठेवला. क्लबच्या सेक्रेटरींना पत्र होतं, कबुलीचं, सोबत फेऱ्यांचे कागद. उद्या सकाळी टपालात टाकायचं. त्याआधी तोंडावर सांगावं, म्हणून ते आले होते.

"अजून टाकलं नाही ना?" सरोजानं दारातून विचारलं.

"नाही."

तिनं सोडलेला श्वास उमाकांतांना ऐकू आला. बाईंना घाई झालेली दिसते, त्यांना वाटलं, आणि त्यात काही गैर नव्हतं. अकरा महिने हक्काचा चषक दुसऱ्याच्या घरात.

पद्मनाभनं एकदा बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं, सार. आम्हीही फेऱ्या मोजल्या होत्या."

उमाकांत पुढे झुकले. मग तक्रार का नाही केली? त्यासाठी अर्धा तास असतो. एक शब्द बोलला असता तर तिथल्या तिथे कागद तपासले असते.

"मंचावर चढायची आमची तयारी नव्हती," पद्मनाभ म्हणाला. नारायणस्वामी वयानं वडील, गाडीही चांगली चालवली, त्यांच्याकडे चषक शोभतो, असंही त्यानं सांगितलं. मग लखोटा हलकेच उमाकांतांकडे सरकवला. "परवा इल्लै, सार, काही हरकत नाही. झालं ते बरं झालं. हे फाडून टाका."

उमाकांत ऐकेनात. खरं ते खरं, नियम तो नियम, असं त्यांनी बरंच समजावलं. शेवटी पद्मनाभनं हात जोडले. धड हात आणि तो अवघडलेला, असे दोन्ही. तेव्हा मात्र त्यांचा इलाज चालला नाही. त्यांनी पत्र फाडलं. आधी आडवं, मग उभं.

छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. त्यांनी गार झालेली कॉफी एका घोटात संपवली आणि ती त्यांना फार गोड लागली. आज घरी जाऊन बायकोला, प्रमोदिनीला, सांगायचं, अशी मोठ्या मनाची माणसं अजून आहेत. यंदा पुन्हा शोलावरमला बसायचं, मान कुठेही न वळवता.

मग गप्पा रंगल्या. दिवस कलला तेव्हा ते उठले, दारात चपला घालता घालता थांबले.

"एक विचारायचं राहिलं. शेवटच्या फेरीत त्या उत्तरेकडच्या वळणाला सगळे लांबूनच वेग उतरवत होते. चौदा नंबर तशीच आत शिरली, माझ्या अंगावर काटा आला. नऊ वर्षांत तसं वळण कुणी घेतलेलं मी पाहिलेलं नाही. ब्रेक नेमका कुठे दाबला?"

फाडलेल्या तुकड्यांकडे पद्मनाभनं एकवार पाहिलं, आणि मग तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं.

"सरोजा," तो म्हणाला, "सार विचारताहेत, ब्रेक कुठे दाबलास?"