उतारावरची तार

"दादाच्या रेडिओच्या वेळी घरावर जरा लक्ष ठेव गं," नणंदेने तिला लग्नाआधीच सांगितलं होतं. "खरखर नको म्हणून तो फ्रिजसुद्धा बंद करतो. दूध नासेल." ऐकून ती नुसती हसली होती. नासलं तर नासलं दूध.

आज ती घरामागच्या उताराच्या तळाशी, तारेचं टोक धरून उभी होती. रेडिओच्या एरियलची दीडशे मीटर तार, पंधरा खांब. तार उताराबरोबरच उतरली पाहिजे, प्रत्येक खांबापाशी जमिनीपासून सारखीच उंच, हा नवऱ्याचा हट्ट. लांबलांबचे पुसट आवाज पकडायचे तर एवढं हवंच, म्हणे. तो वर रेडिओच्या खोलीत, हेडफोन लावून. तिच्या एका खिशात वॉकीटॉकी, दुसऱ्यात बेबी मॉनिटरचा स्पीकर; माइकवाला भाग वर पाळण्याजवळ. सात महिन्यांची लेक पाळण्यात रडली की स्पीकर खिशात वाजायचा. लेकीचा ताप सकाळीच उतरला होता.

"टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला लाव," वॉकीटॉकीतून तो म्हणाला. "काढ. परत लाव. छे, खरखर आहेच. घरातलंच काहीतरी असणार. थांब, बघतो."

ती थांबली. बऱ्याच वेळाने तो परत बोलला. "हं, लाव."

"बाळ उठलं नाही ना रे?"

"मॉनिटर तुझ्याजवळ आहे ना? मग."

मग पाऊण तास लाव, काढ, ताण, सैल सोड. खिशातल्या मॉनिटरचा हिरवा दिवा चालू, पण हूं की चूं नाही. किती दिवसांनी पोर अशी गाढ झोपली, म्हणून तिला बरंच वाटलं.

"काय सुरेख शांत झालंय," शेवटी तो म्हणाला. "टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"कशाची होती खरखर?"

"पाळण्याजवळच्या मॉनिटरचा अडॅप्टर. काढून ठेवलाय. लावतो गं, पाच मिनिटं."

तिने टोक सोडलं. चढावर ती दोनदा घसरली.

पाळण्यात लेकीचं तोंड उघडं होतं, चेहरा लालभडक, अंग पुन्हा तापलेलं. रडून रडून तिचा आवाजच बसला होता. अडॅप्टरची वायर नीट गुंडाळून उशाशी ठेवलेली.

नवरा दारात आला, हेडफोन गळ्यात. "अगं, मला काहीच ऐकू आलं नाही."

तुमच्याही घरात कुणी बराच वेळ गप्प असेल. झोपलंय, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंही असेल. ही गोष्ट ठेवा बाजूला. आधी जाऊन बघून या.