दोन मिनिटं जास्त

“अंधारासाठी उजेड जास्त घे बाई, अन् पांढऱ्यासाठी रोल औषधातून लवकर काढ. पांढरं एकदा जळलं तं देवही वापस आणून देत नाई.”

रोल धुवायला घेतला की बाबांचं हे सांगणं ज्योत्स्नाच्या कानात यायचंच. मोबाइल आले आणि बाबांचा स्टुडिओ बंद पडला. डार्करूम तेवढी तिनं राखली होती.

हातातला रोल काळा-पांढरा, चारशे स्पीडचा. अकरा दिवसांपूर्वी, सकाळीच, तिच्या भावाच्या, लोकेशच्या धानाच्या बांधीत बगळे उतरले होते. धुक्यात उजेड कमी, म्हणून तिनं हा वेगवान रोल घातला. बगळ्यांमागं शेजारचा मुखरूभाऊ वाकलेला दिसला होता. तासाभरानं तो तिथंच मेलेला सापडला. पायावरचा डाग पाहून लोक म्हणाले, साप. रानडुकरांसाठी लोकेशनं खांबावरून वीज ओढून तार लावली होती. लोक जमायच्या आत त्यानं ती गुंडाळली.

मुखरूभाऊचा एकही फोटो घरात नव्हता. उद्या तेरवी. त्याची बायको मनकर्णाबाई विचारायला आली, तेव्हा ज्योत्स्ना कबूल करून बसली होती, की भाऊ रोलमध्ये असले तर फोटो आजच आणून देते.

लोकेश डार्करूमच्या दारात उभा होता. आज ताईचा उपास होता, आणि उपासाच्या दिवशी ती खोटं बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून खोटं बोल असं तो म्हणतच नव्हता. बाबांच्या हाताखाली तोही शिकला होता.

“ताई, रोल फेकू नको, जाळू नको. औषधात दोन मिनिटं जास्त ठेव फक्त. धुकं पांढरंफट्ट होऊन जाईन. तार बी त्यातच जाईन.”

“अन् मुखरूभाऊ?”

मुखरू धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडून आपलं पाणी पळवायलाच आला होता, असं तो म्हणाला. चोराच्या एका फोटोपायी सख्ख्या भावाला जेलात धाडशील का, असंही म्हणाला. त्याची दोन्ही लेकरं तिच्याच मांडीवर वाढली होती.

ज्योत्स्नानं दार लावून घेतलं. दहा मिनिटांचा रोल तिनं साडेसात मिनिटांतच काढला.

कागदावर आधी मुखरूभाऊ आला. मग केसासारखी तार, पार खांबापर्यंत. सगळ्यात शेवटी बगळ्यांची पिसं, एकेक वेगळं.

तिनं दार उघडून फोटो लोकेशच्या हातात दिला. त्यानं फाडला असता तरी ती आड आली नसती. दुसरा काढला असता. त्याची नजर आधी तारेवर गेली. मग मुखरूभाऊच्या हातांवर अडकली, ती निघेना.

दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते, भगदाडात मातीचा लोंदा दाबत. मुखरूभाऊ फुटलेला धुरा बुजवत होता. लोकेशचा.

लोकेश भिंतीला टेकून खाली बसला. ज्योत्स्नानं त्याच्या बोटांतून ओला फोटो अलगद सोडवला, डोक्यावर पदर घेतला आणि मनकर्णाबाईच्या घराची वाट धरली.