डिकीवरची धूळ

राख दुपारपर्यंत शारजावर येईल, असं इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून फिरत होतं. तांबड्या समुद्रापलीकडे कुठेतरी ज्वालामुखी फुटला आणि इकडे रोल्ला बाजारातल्या दुकानांतली गाड्यांची कव्हरं तासाभरात संपली. हेमचंद्रला शेवटचं मिळालं. ते काखोटीला मारून तो इमारतीमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये आपल्या काळ्या गाडीपाशी उभा होता, आणि हात काही पुढे होत नव्हता.

गाडी पाच महिने जागची हलली नव्हती. धुळीने माखलेल्या डिकीवर बोटाने लिहिलं होतं, ‘ईशानी’. आठ वर्षांच्या लेकीला मराठीत तेवढंच लिहिता येई. ते लिहिलं आणि आठवड्याच्या आत ती तापाने गेली. नवी धूळ बसून अक्षरं पुसट होत चालली होती. हेमचंद्र रोज ती वाचायचा आणि मगच बसस्टॉपकडे वळायचा. गाडीत बसायची त्याची छाती नव्हती. मागच्या सीटवर कुणीतरी आहे असं वाटेल, आणि आरशात पाहिलं तर कुणी नसेल. दोन्हींची त्याला सारखीच भीती वाटे.

“साब, धूल के ऊपर कवर मत डालो,” गाड्या धुणारा मोईन बादली घेऊन आला. “रगड़ जाएगा. पहले धोना पड़ेगा. और ये राख तो काँच के माफिक है, बैठ गया तो खलास.”

कव्हर घातलं तर नाव पुसणार, नाही घातलं तर राखेखाली जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. हेमचंद्रने फोटो काढून ठेवले होते, शंभरेक असतील. पण फोटोवरून तिचं बोट फिरलेलं नव्हतं.

त्याची बायको छाया केव्हा खाली आली, त्याला कळलंच नाही.

“अहो, धुऊ द्या त्याला,” ती म्हणाली. “तिची राख मी मांडीवर घेऊन विमानात बसले होते. आता नावावर तरी राख नको.”

पाच महिने जे वाक्य आठवू नये म्हणून तो धडपडत होता, ते हेमचंद्रला आठवलंच. “धुळीत बोटं फिरवू नकोस म्हणून कितीदा सांगितलं? ओरखडे पडतात.” तो चांगलाच ओरडला होता. ईशानी मान खाली घालून म्हणाली होती, “इट्स ओन्ली डस्ट, बाबा.”

त्याने मोईनला मानेनेच होकार दिला आणि पाठ फिरवली. मागे पाणी पडल्याचा आवाज आला. त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

“साब,” जरा वेळाने मोईन म्हणाला, “इधर स्क्रॅच है. पॉलिश मारेगा तो निकल जाएगा.”

हेमचंद्र वळला. ओल्या डिकीवर ऊन तिरपं पडलं होतं, आणि त्यात केसासारख्या बारीक रेघा चमकत होत्या. ई. शा. नी. शेवटची वेलांटी पार दिव्यापर्यंत ओढलेली.

त्याने मोईनच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि रेघांवर बोट ठेवलं.

“सांगितलं होतं ना तिला,” तो छायाला म्हणाला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं, “ओरखडे पडतात म्हणून.”