कातरीनबायचं लुगडं

कुकरची शिट्टी झाली, तेव्हा कुठे फुरंगटून बसलेल्या डॅरिलनं तोंड उघडलं. "मी लुगडं नेसणार नाही. जा!"

फिलोमिनाच्या हातातल्या निऱ्या हातातच राहिल्या. आज शाळेची शताब्दी. फादरांना आपली केळीची वाडी देऊन टाकणाऱ्या कातरीनबायशिवाय स्थापनेचं नाटक होणार कसं? आणि फक्त मुलग्यांच्या शाळेत कातरीनबाय आणायची तरी कुठून?

"अरे राजा, तू वाडी दिली नाहीस तर फादर शाळा कुठे बांधतील?"

"नको बांधू देत. होमवर्क वाचेल."

पेपरमागून त्याचे पप्पा फिस्सकन हसले. मग मात्र तिनं कपाटातला जुना अल्बमच काढला. शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हाचा फोटो. लाल लुगडं, अंबाड्यात अबोली, ओठांना लाली आणि लाजून खाली घातलेली मान.

"पप्पा?" डॅरिल किंचाळला. पेपर आणखी वर गेला.

पोरगं निमूट उभं राहिलं. ती खुशीत त्याचा पदर खोचू लागली. तो मात्र एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"मम्मी, तू पप्पांएवढी सुंदर का नाही दिसत गं?"