मोठी साइज

महेश्वरीच्या हृदयाची झडप खराब होती. गरोदरपण झेपणार नाही, असं डॉक्टरांनी नवरा-बायकोला बजावलं होतं. म्हणून बसवेश साखर पेठेतल्या मेडिकलमध्ये कंडोम आणायला गेला.

"साइज कोणती देऊ?" दुकानदारानं विचारलं.

मागं गल्लीतले दोन मित्र उभे होते. "मोठी," बसवेश जरा जोरातच म्हणाला.

कंडोम सैल होता. पहिल्याच वेळी निसटला. महेश्वरी घाबरली. "सकाळीच डॉक्टरकडं जाऊ की."

"जाऊन काय सांगू? मापाचा न्हवता म्हणून? काय होत न्हाय."

दिवस गेल्याचं लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. पाचव्या महिन्यात तिला धाप लागली आणि दवाखान्यात न्यावं लागलं. "काळजी घ्या म्हणून सांगितलं होतं ना?" डॉक्टर बसवेशवर चिडले. महेश्वरीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. उशाशी बसलेल्या आईकडे, काशम्माकडे बघत ती म्हणाली, "ते आणत होते. मीच नको म्हणलं. मला लेकरू हवं होतं."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिचं ते बोलणं वर्षभर बसवेशच्या कानातून गेलं नाही. सासूला खरं सांगून टाकायचं, असं तो रोज ठरवायचा.

वर्ष झालं, तेव्हा काशम्माच अक्कलकोटहून आली आणि त्याच्यापुढं हात जोडून रडू लागली. "जावईबापू, आमच्या पोरीनं तुमचं ऐकलं न्हाय. तिला माफ करा."



"केलं," बसवेश म्हणाला.