मायची अर्धी ओवी

मथुरेनं कान थेट रेडिओच्या जाळीला लावला. कॅन्टीनवाल्या भैयालालनं लोखंड वाहून दमलेल्या मजुरांना दटावलं, आज पिक्चरची गाणी बंद, चूप बसा, गुलाबरावची सासू गाऊन राहिली. सगळे हसले. मथुरा हसली नाही.

नवऱ्यासोबत, गुलाबरावसोबत, ती भिलाईला निघाली तेव्हा माय आडवी आली होती. शब्दानं शब्द वाढला. आता तोंड दाखवू नको, असं माय बोलून गेली. दोघी अंगठाबहाद्दर, दोघी हट्टी. निरोप इकडून गेला नाही, तिकडून आला नाही. अन् परवा गावचं एक माणूस सांगून गेलं, रेडिओवाल्यांनी बायकांना नागपूरला नेऊन जात्यावरची गाणी भरून घेतली, त्यात तुझी माय आहे.

खरखर झाली. मग जात्याची घरघर. मग मायचा आवाज.

‘दूर भिलाईच्या वाटं गेली मैना माही...’

अन् माय थांबली. नुसतं जातं फिरत राहिलं. दोघी दळायला बसल्या की पहिली ओळ मायची, दुसरी लेकीची. लेकीची जागा मायनं तशीच मोकळी सोडली होती. मथुरेचा गळा आपसूक उघडला. भर कॅन्टीनात, परक्या पुरुषांत, ती गायली.

‘तुह्या आठवाविना, माय, दिस मावळत नाही...’

तिची ओळ सरली, तशी मायनं पुढची उचलली. अगदी वेळेवर. ऐकलंच असणार तिनं. ओवीमागून ओवी झाली. भैयालालच्या हातातला चहा निवून गेला. घरी येताना मथुरेला पाय जमिनीला लागल्यासारखे वाटले नाहीत. यंदा तिजा-पोळ्याच्या सणाला माहेरी जायचं, हे तिनं नवऱ्याला चुलीपाशीच सांगून टाकलं.

महिना सरायच्या आत भाऊ आला, फकिरा. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

ती रडून रडून थकली, तेव्हा एकाच गोष्टीला धरून बसली. मायनं त्या सांजेला रेडिओ ऐकला का, तिनं विचारलं.

“ऐकला ना,” फकिरा म्हणाला. “पंचायतीच्या रेडिओपुढंच बसली होती. आपली ओळ झाली की दरखेपी कान लावे. मंग घरी येऊन जेवली नाही. मरेतोवर एकच बोलणं तिचं. म्हणे, मी एवढी गाऊन राहिली, पोरगी एक ओळ नाही देऊन राहिली. अजून रुसूनच हाये.”